उलट्या बाणाचं सील

१

वहिनींची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजात आली तेव्हा मला तिच्याखाली शिरायचीही गरज पडली नाही. दारापासून गाडीखाली उतरायच्या पिटापर्यंत तेलाचे थेंब ओळीने पडले होते. मी एका थेंबावर बोट टेकवलं आणि वास घेतला. इंजिनाचं तेल असं नसतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध गिअरचा एक लोखंडी डबा असतो, त्यातलं हे जाड, उग्र वासाचं तेल होतं.

“पुन्हा तेच का, भाऊजी?” वहिनींनी काच खाली करून विचारलं.

“पुन्हा तेच.”

“कधीपर्यंत होईल?”

“दुपारी घेऊन जा.”

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत निघाल्या. रक्त तपासायच्या लॅबमध्ये त्या कामाला आहेत, गॅरेजपासून दहा मिनिटांवर.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. उंच, चारही चाकांना ताकद देणारी, चिखलातून हसत बाहेर येणारी. दादा रस्ते मोजायच्या कामावर होता. जिथे रस्ता व्हायचा असेल तिथे आधी त्याची गाडी जायची. आठ महिन्यांपूर्वी एका कच्च्या, तांबड्या चढावर गाडी चालवता चालवता त्याचं हृदय बंद पडलं. पाय सुटला आणि गाडी त्याला घेऊन मागे मागे येत खाली सपाटीवर थांबली. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. ती घरी आणायला मीच गेलो होतो. चाळीस किलोमीटर चालवत आणली आणि सगळा वेळ डोक्यात एवढंच होतं की क्लच जरा वर पकडतोय, बघायला हवा.

लोक म्हणाले, धाकटा धीराचा आहे. धीर कसला. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ कसा आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं मला सगळंच वाटत होतं. ओठ दोन तासांनी परत येतो. माझं अजून यायचं होतं.

२

ऑइल सील ही तशी क्षुल्लक वस्तू. बांगडीएवढं लोखंडी कडं आणि त्याच्या आतल्या बाजूला रबराची पातळ कड. इंजिनाकडून मागच्या डब्याकडे एक लांब शाफ्ट जातो, आणि तो जिथे डब्यात शिरतो तिथे हे कडं त्याच्या मानेला बिलगून बसतं. शाफ्टला फिरू द्यायचं, तेलाला बाहेर पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

मी नेहमीसारखा सुरू झालो. आधी शाफ्टच्या जोडावर रंगाची खूण केली, म्हणजे जसा काढला तसाच परत बसेल. चार बोल्ट काढले, शाफ्ट तारेने बाजूला टांगून ठेवला, मधला मोठा नट लांब पाइप लावून सोडवला. पुढचं तोंड ओढून काढल्यावर सील दिसलं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, तर उरलंसुरलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

तेल कोमट होतं. गाडी नुकतीच चालून आली होती, कोमट असणारच.

पहिलं सील अकरा वर्षांनी गेलं, ते म्हातारं होऊन गेलं असं धरू. दुसरं तीन आठवड्यांत गेलं. मला वाटलं, माझाच हात चुकला, तिरकं बसलं असेल. हे तिसरं मात्र मी श्वास रोखून बसवलं होतं. कडेने चारी बाजूंनी खोली मोजली होती, आणि ते नऊ दिवसांत गेलं. मी बेअरिंग हलवून बघितलं, घट्ट होतं. डब्याची हवा सोडणारी नळी तुंबली तर आत दाब वाढून तेल बाहेर येतं, म्हणून तीही फुंकून बघितली. मोकळी होती. तेल मात्र अर्धा लिटर कमी भरलं.

शेवटी ते काढलेलं सील फडक्यात गुंडाळून मी समोरच्या गल्लीत गेलो.

३

तिथे लेथ चालवणारे एक म्हातारे आहेत. त्यांना सगळे सूतमामा म्हणतात, कारण जगातली हर एक गोष्ट ते सुतात मोजतात. एका इंचात आठ सूत. चहाचा पेला हातात घेतला की म्हणतात, “आज दोन सूत कमी भरलाय.” त्यांची बायको वारली तेव्हा सांत्वनाला गेलेल्यांना ते म्हणाले होते, “पलंगाचा तिच्या बाजूचा खळगा अजून तीन सुताचा आहे.” लोक हसावं की रडावं या विचारात उठून आले होते.

मामांनी सील डोळ्याच्या भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ फिरवलं.

“कुणी बसवलं होतं?”

“मीच.”

“बसवलं तर सरळ आहेस.”

“मग गळतं कशाने?”

“हा बाण बघ.” सीलच्या तोंडावर एक बारीक बाण उठवलेला असतो. मला माहीत होता, पण मामांना मधे तोडायचं नसतं. “शाफ्ट या दिशेने फिरायला पाहिजे. रबराच्या आत तिरपे चर आहेत. बाणाच्या दिशेने फिरलं की हे चर तेल आत ढकलतात. उलटं फिरलं की हेच चर तेल बाहेर ओढतात.”

“रिव्हर्समध्ये.”

“हां.”

“पण मामा, रिव्हर्समध्ये गाडी जाते किती? फाटकातून बाहेर काढण्यापुरती.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मांजराच्या अंगावरून हात फिरवला की केस कुठल्या अंगाला बसलेत ते बोटाला कळतं ना? लाव बोट. या रबराचे केस उलट्या अंगाला बसलेत. पाच-दहा फूट मागे घेतल्याने असं होत नाही. ही गाडी मागेच चालते.”

“नऊ दिवस?”

“दिवस मला कळत नाहीत. मला रबर कळतं.”

मी बोट लावलं. आणि मला ते लागलं, हे कबूल करायला हवं.

४

दुपारी वहिनी गाडी न्यायला आल्या तेव्हा मी पाना पुसत पुसत, सहज विचारल्यासारखं विचारलं. “वहिनी, रिव्हर्स जास्त घ्यावी लागते का कुठे?”

“मला रिव्हर्स येतच नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “हे काढून द्यायचे. आता मी गाडी लावतानाच अशी लावते की पुढेच निघेल. शाळेचं आवार गोल आहे. लॅबला दोन फाटकं आहेत.”

मी त्यांना किल्ली देण्याआधीच नवं सील बसवून सगळं तपासून घेतलं होतं. चारही चाकं अधांतरी राहतील अशी गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून शाफ्टवर पांढऱ्या रंगाचा एक लांब पट्टा ओढला होता. पहिला गिअर टाकला की पट्टा सुलटा फिरत होता, रिव्हर्स टाकला की उलटा. जे व्हायला हवं तेच होत होतं. मीटरही बघितला. घर, शाळा, लॅब आणि परत, रोजचे बारा किलोमीटर. नऊ दिवसांचे एकशे आठ. मीटरवर बरोबर एकशे आठच वाढले होते. म्हणजे मागे जायला या गाडीकडे एक किलोमीटरसुद्धा शिल्लक नव्हता.

मामांचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. बोटाचं काय, बोटाला सुचवाल ते लागतं.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, खाली थेंब दिसतायत.”

“गाडी आणू नका,” मी म्हणालो. “उद्या सकाळी मीच येतो. तुमच्याबरोबर बसून बघतो.”

त्यांनी निघायची वेळ सांगितली. मग म्हणाल्या, “मागे बसा. ठमीशेजारी.”

५

ठमी म्हणजे दादाची मुलगी. वय नऊ, बोलणं साठीतलं. मी मागच्या सीटवर शिरलो तेव्हा ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मांडीवर घेऊन पेन्सिल चावत होती.

“काका, स्कूटर बंद पडली?”

“नाही गं. गाडीचं तेल गळतंय, ते बघायचंय.”

“मग गाडीच्या खाली बसायचं. आत बसून काय दिसणार?”

तिचं म्हणणं बरोबर होतं, पण मी विचार करून आलो होतो. या गाड्यांच्या पत्र्याला, मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली, मुठीएवढी भोकं असतात. कारखान्यात रंग निथळायला ठेवलेली असतात आणि नंतर त्यांना रबराची बुचं लावतात. कार्पेट उचलून बूच काढलं की फिरता शाफ्ट आणि खालचा रस्ता दोन्ही दिसतात.

गाडी निघाली. वहिनी चांगली चालवतात, जपून. कोपऱ्यावर दुकानाचं शटर वर जात होतं. एक माणूस गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. बसथांब्यावर नेहमीची रांग होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिसरा गिअर पडला, काटा चाळिसावर आला. मी वाकलो, कार्पेट गुंडाळलं आणि बूच ओढून काढलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे आवाज आला नाही. चाळिसाच्या वेगाला त्या भोकातून वारा भसाभस आत यायला हवा, टायरचा घरघराट यायला हवा. आत आली ती कोमट, कोंदट हवा. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत असते तशी.

शाफ्ट फिरत होता. पांढरा पट्टा उलटा फिरत होता.

हे मी मनातल्या मनात लगेच निकालात काढलं. ट्यूबलाइटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो, तसंच. वेग आणि डोळा यांचा ताळमेळ चुकला की असं दिसतं. मी डोळे मिटून उघडले, मान तिरपी केली. पट्टा उलटाच फिरत होता, आणि सावकाश.

मग मी शाफ्टच्या पलीकडे, खालच्या जमिनीकडे बघितलं. गाडी पुढे जात असली की रस्ता आपल्या पायाखालून मागे पळतो. हा मागून पुढे येत होता. आणि हा डांबरी नव्हता. तांबडी माती होती, बारीक खडी होती, मधे मधे वाळलेलं गवत होतं. डब्याच्या बाजूने तेलाचा एक थेंब सुटला, आणि मागे फेकला जायच्या ऐवजी पुढे, वहिनींच्या पायांच्या दिशेने घसरत गेला.

मी मान वर केली. काचेबाहेर बस आम्हाला ओलांडून गेली. औषधाचं दुकान मागे गेलं, बँक मागे गेली. काटा चाळिसावरच होता. मान खाली घातली. तांबडी माती पुढे जात होती, आता आणखी हळू. मी तीनदा वर बघितलं, तीनदा खाली बघितलं. तिसऱ्यांदा खाली बघितलं तेव्हा जमीन थांबली होती.

वर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत होती. खाली एक मुंगी खड्याला वळसा घालून चालली होती. हात घातला असता तर माती हाताला लागली असती. मी घातला नाही.

भोकातून तिरपं बघितलं की पुढच्या, ड्रायव्हरशेजारच्या दाराखालची जमीन थोडीशी दिसत होती. तिथे एक टाच होती. बुटाची टाच, बाहेरच्या कडेला झिजलेली. दादा पाय बाहेर टाकून चालायचा, त्याच्या सगळ्या बुटांच्या टाचा अशाच झिजायच्या. ती टाच उचलली गेली आणि दिसेनाशी झाली. पाठोपाठ गाडी त्या अंगाला किंचित दबली, माणूस चढल्यावर दबते तेवढीच. दार वाजलं नाही.

मी मान वर केली. पुढची सीट रिकामी होती. तिच्यावर वहिनींची डब्याची पिशवी होती. वहिनींनी समोरची नजर न हलवता डावा हात लांबवला, पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

माझ्या शेजारी ठमीने गुडघे पोटाशी घेतले. पुढचा माणूस सीट मागे सारणार असला की लहान मुलं घेतात तसे. तिचं लक्ष कोड्यातच होतं.

खालची माती पुन्हा हलली. पुन्हा मागून पुढे. मी बूच परत बसवलं, कडेने अंगठ्याने दाबून घेतलं. बोटं थरथरत नव्हती. मला आठवतंय, मी स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि थरथरत नाहीत म्हणून थोडा वेळ बघत राहिलो.

६

शाळेच्या आवारात ठमी उतरली. दप्तर पाठीला लावता लावता म्हणाली, “काका, बूच नीट बसवलंत ना? धूळ येते.”

ती फाटकातून आत गेली. वहिनींनी इंजिन बंद केलं. पिशवी अजून मांडीवरच होती.

“गळतंय?” त्यांनी विचारलं.

“गळतंय.”

“तुम्ही खाली बघितलंत.”

“वहिनी, तुम्हाला माहीत आहे हे?”

“मी खाली बघत नाही. गाडी चालवताना समोर बघायचं असतं.”

आवारात एक शिपाई झाडू मारत होता. मी त्याच्याकडे बघत विचारलं, “कधीपासून?”

“थंडी संपली तेव्हापासून असेल. आधी एवढंसंच जायची गाडी. शाळा यायच्या आत संपायचं. आता रोज जरा लांब जातो आम्ही.”

“कुठपर्यंत?”

“ते मी विचारलं नाही.”

“बोलतो?”

“नाही. नुसते बसतात.”

“दादाच आहे ना, वहिनी?”

“हेच आहेत. दुसरं कोण असणार?” त्या लगेच म्हणाल्या. मग पिशवीच्या बंदाला एक गाठ मारली, ती सोडली. “मी अजून बघितलेलं नाही.”

“म्हणजे?”

“शेजारी मान वळवली नाही मी. कधीच. वळवली आणि नसले तर? म्हणून नाही वळवली.” बंद बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “तेल संपलं तर तो डबा जाम होतो ना, भाऊजी?”

“होतो.”

“मग गाडी जायची नाही.”

तेव्हा मला कळलं की थेंब दिसला रे दिसला की त्या गाडी माझ्याकडे का आणतात.

तो शाफ्ट कायमचा काढून टाकणं ही अर्ध्या तासाची गोष्ट होती. चार बोल्ट. गाडी पुढच्या दोन चाकांवर चालते, काही बिघडत नाही. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं, आणि मी ते बोललो नाही. टाच मीही बघितली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या आत कुठेतरी काहीतरी दुखलं होतं, आणि ते दुखणं मला सोडवत नव्हतं.

मी म्हणालो, “ठमीला उद्यापासून मी शाळेत सोडेन. स्कूटरवर. ती या गाडीत बसायची नाही. एक दिवसही नाही.”

“आणि सील?”

“बसवतो. गळणार नाही असं बसवतो.”

“मग चालेल,” वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या भांडतील, निदान विचार करतील. त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मला स्वतःचीच लाज वाटली. एकीला बाहेर काढलं आणि दुसरीला आत ठेवून वर दार नीट लावून देतोय, असं काहीतरी.

७

सूतमामा लेथ बंद करून माझ्याकडे बघत राहिले. “उलट्या बाणाचं?”

“याच मापाचं. बाण उलटा.”

“बसवणार कुठे?”

“त्याच गाडीला.”

त्यांनी तीन खण उपसले. शेवटी पाण्याच्या पंपाचं एक सील निघालं. आतलं माप तेच, बाहेरचं तेच, बाण उलटा. ते हातात देताना त्यांनी माझं मनगट धरलं. “हे लावलंस तर सुलटी चालताना भडाभडा गळेल. एक दिवस टिकायचं नाही.”

“कळतंय मला.”

“टिकलं तर?”

मी सील मुठीत घेतलं. मामांनी मनगट सोडलं. “टिकलं तर मला सांगायला येऊ नकोस,” ते म्हणाले, आणि लेथ सुरू केला.

मी ते सील बसवलं. कडेला तेलाचं बोट फिरवलं, लाकडी ठोकळा ठेवून गोल गोल, हलक्या हाताने ठोकलं. ते इतकं सहज आत गेलं, जणू त्या जागेला तेच हवं होतं.

आठ दिवसांनी मी लॅबच्या आवारात जाऊन गाडीखाली वाकून बघितलं. डब्यावर धूळ होती. कोरडी, सुकी धूळ. पंधरा दिवसांनी बघितलं, महिन्याने बघितलं. बोट फिरवलं तर बोट कोरडं निघालं.

एकही थेंब नव्हता. म्हणजे घर ते लॅब, लॅब ते घर, ही गाडी पुढे अशी जातच नव्हती.

वहिनी मात्र सुधारत होत्या. माझी बायको म्हणाली, “आज त्या चक्क हसल्या माझ्याशी. गालावर रंग आलाय.” वहिनी नीट जेवायला लागल्या, केस नीट विंचरायला लागल्या. फक्त मान वळवायच्या नाहीत. बाजूने हाक मारली तर सगळं अंग वळवायच्या, किंवा समोर बघूनच उत्तर द्यायच्या. बायकोला वाटलं, मान आखडली असेल. तिने शेकायची पिशवी दिली.

८

सहा आठवडे मी ठमीला स्कूटरवर नेत होतो. ती मागे बसायची, माझ्या शर्टाची चिमूट धरून. वाटेत मला वाहतुकीच्या चुका सांगायची. आईबद्दल किंवा गाडीबद्दल ती एक शब्द बोलायची नाही, आणि मी विचारायचो नाही.

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. मोठ्या रस्त्यावर नेहमीची गर्दी, नेहमीचा वेग. बँकेच्या पुढे रस्ता सरळ आहे, लांबवर दिसतं. समोरच्या बाजूने वाहनांची रांग येत होती. एक बस, एक टेम्पो, आणि त्याच्यामागे दादाची गाडी.

ती मागची बाजू पुढे करून येत होती.

आपल्या रांगेत, टेम्पोमागे योग्य अंतर ठेवून, चाळिसाच्या वेगाने. मागची काच, मागचे लाल दिवे, नंबराची पाटी, सगळं आमच्याकडे तोंड करून येत होतं. कुणी हॉर्न वाजवला नाही. तिच्यामागच्या मोटारसायकलवाल्याने घड्याळ बघितलं. रस्ता ओलांडणारी एक बाई तिच्यासाठी थांबली, कुठल्याही गाडीसाठी थांबावं तशी.

समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर एरवी आपल्या बाजूला असतो. आज शेजारची सीट माझ्या बाजूला होती. काच खाली होती. सीट इतकी मागे सारलेली होती की बसणाऱ्याचं डोकं दारामागच्या खांबाआड गेलं होतं. दिसत होतं ते खिडकीत टेकवलेलं कोपर. बाही दोनदा दुमडलेली. त्याच्या पलीकडे वहिनी, दोन्ही हात चाकावर, ताठ, समोर बघत. म्हणजे जिथून त्या आल्या होत्या तिकडे बघत.

त्या कोपराला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. माझा हात आपसूक वर झाला. मी ठरवून केलं नाही. डोळे भरून आले आणि हात वर झाला.

“काका,” मागून ठमी म्हणाली, “हात करू नका.”

हात अर्ध्यावर राहिला. गाडी आमच्या शेजारून गेली. हँडलवर हात परत आणला तेव्हा तो लटलट कापत होता.

“का गं?” मी विचारलं.

तिने माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता. “हात केला की ते थांबतात.”

मी स्कूटर चालवत राहिलो. मागे वळून बघितलं नाही. पण स्कूटरला आरसा असतो. आरशात दादाच्या गाडीचे पुढचे दोन दिवे दिसत होते, आमच्याच मागे येणाऱ्या गाडीचे असावेत तसे, फक्त लहान होत जाणारे. ते लहान होत गेले, आणखी लहान झाले. मग लहान व्हायचे थांबले.